सतराव्या पानावरची टिंबं

मला एका जागी बसवत नाही. हा रोग लहानपणापासूनचा. आई म्हणायची, ह्या कार्टीच्या पायाला भिंगरी लागलीया. जेवायला बसले की दोन घासांत उठून पाणी आणायला पळायची. लग्नात तर भटजींनी मंगलाष्टकं थांबवून, "नवरीनं जरा दमानं घ्यावं," असं माइकवरनं सांगितलं होतं. आता पंचेचाळिशी आली तरी फरक नाही. हे लिहिताना मी तिसऱ्यांदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता.

आणि अशा बाईच्या गळ्यात काय पडलं, तर गावचं वाचनालय!

आमचं गाव आष्ट्याजवळ. ग्रामपंचायतीच्या माडीवर दोन खोल्या, अकरा कपाटं आणि एक लांब टेबल. त्या टेबलावर सकाळी म्हातारी माणसं पेपर वाचतात आणि उसाच्या तोडीवरनं भांडतात. आधीचे ग्रंथपाल गुरुजी गुडघ्यांमुळं जिना चढेनात, तेव्हा कमिटीला कोर्स केलेलं माणूस हवं होतं. मी लग्नाआधी ग्रंथालयाचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता, तोही घरातनं बाहेर पडायला निमित्त म्हणून. माझी मी ते विसरूनही गेले होते. सासूबाई मात्र विसरल्या नव्हत्या. त्यांनी थेट कमिटीत जाऊन सांगितलं, "आमच्या सुनंला घ्या. न्हाईतरी ती घरात टिकत न्हाई."

आमच्याकडं सासूला आत्ती म्हणायची पद्धत. आत्तींचं माहेर कोरेगावकडचं, शिक्षण सातवी. सासरे फौजेत होते, वर्षातनं एकदा यायचे. आता माझा नवराही फौजेतच, सध्या आसामात. म्हणजे आमच्या घरात दोन पिढ्या बायकाच एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. माझं माहेर शिराळ्याचं. मला राग आला की आत्ती म्हणायच्या, "काढला बघ फणा. नागाच्या गावची ना!" मीही कमी नव्हते. पण त्यांना उलट बोलून जिंकलेली बाई मी अजून बघितलेली नाही.

आत्ती वाचायच्या, आणि वाचायच्या म्हणजे काय वाचायच्या! तरुणपणी पहिल्यांदा वाचनालयात गेल्या तेव्हा कादंबऱ्यांची कपाटं रिकामी, सगळी पुस्तकं गावात फिरायला गेलेली. एकच कपाट गच्च भरलेलं होतं, भाषांतरांचं. परदेशातल्या माणसांची नावं तोंडात बसत नाहीत म्हणून त्याला कुणी हात लावत नव्हतं. आत्ती गुरुजींना म्हणाल्या, "मला हेच द्या. रोज कोण भीक मागत बसंल, पुस्तक आलं का म्हणून?" तिथनं त्यांनी ते कपाट धरलं ते धरलंच. मिरजेच्या पलीकडं कधी न गेलेली ही बाई चूल आवरून रोज दुपारी परदेशात असायची.

त्यामुळं जगाविषयी त्यांची मतं ठाम होती. रशियाची माणसं लय बोलतात आणि मधेच रडतात. जपानची बोलतच न्हाईत, चहा पितात आणि मनातल्या मनात झुरतात. फ्रान्सवाले जेवताना भांडतात. "आणि आफ्रिकेतल्या सासवा," असं म्हणून माझ्याकडं बघायच्या, "अगदी आपल्यासारख्या." नणंदेची मुलगी जर्मनीत नोकरीला आहे. तिनं एकदा फोनवर सांगितलं की तिकडं रस्त्याच्या कडेला पुस्तकांची छोटी कपाटं असतात, कुलूप नाही, कुणीही घ्यावं, कुणीही ठेवावं. आत्तींनी विचारलं, "तिकडं रद्दीवाला येत न्हाई?" आणि असाही एक देश आहे म्हणे, जिथं सणाला एकमेकांना पुस्तक द्यायची रीत आहे. ह्यावर आत्ती म्हणाल्या, "आपण ब्लाऊजपीस देतो. तोच फिरत फिरत आपल्याकडं परत येतो."

आता एक कबुली. मी ग्रंथपाल झाले, पण पुस्तक वाचलेलं नव्हतं. एकही नाही, शेवटापर्यंत एकही नाही. पाच पानं झाली की माझे पाय वळवळायला लागायचे. पुस्तकं झाडणं, लावणं, नंबर टाकणं, उशिरा आणणाऱ्याला झापणं, ह्यात मात्र माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. भिंतीवर मी स्वतः तांबड्या अक्षरांत पाटी रंगवली होती, "पुस्तकात काहीही लिहू नये." कुणी विचारलंच, बाई तुम्ही काय वाचता, तर म्हणायची, "हलवाई कधी मिठाई खातो का?" सगळे हसायचे, आत्ती हसायच्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी वाचनालयाची तपासणी लागली. जिल्ह्याचे साहेब येणार म्हटल्यावर माझी झोप उडाली. कपाटं पुसली, फाटक्या पुस्तकांना खळ लावली, आणि तेवढ्यात लक्षात आलं की पुस्तकांत जागोजागी पेन्सिलीच्या खुणा आहेत. कुणी नवव्या पानावर फुली मारलीय, कुणी एकतिसाव्यावर चांदणी काढलीय, कुणी कोपऱ्यात कुंकवासारखा ठिपका दिलाय. भाषांतरांच्या कपाटात तर जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सतराव्या पानावर टिंबं. कुठं एक, कुठं दोन, कुठं तीन. माझ्या पाटीसमोर बसून हे धंदे! माझं डोकंच फिरलं. आष्ट्यातनं खोडरबरांचा डबा आणला आणि आठ दिवस बसून, म्हणजे बसत उठत, अकराही कपाटं खोडून काढली. हाताला घट्टे पडले. आत्तींच्या हनुवटीवर तीन टिंबांचं गोंदण आहे. वीस वर्षं मी ते रोज बघतेय. तीच तीन टिंबं मी शेकड्यानं खोडली आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही.

साहेब आले. दप्तर बघितलं, चहा घेतला, "स्वच्छता उत्तम" असा शेरा मारून गेले. एकही पुस्तक त्यांनी उघडलं नाही.

त्यानंतर चारेक दिवसांनी आत्ती घरात एक पुस्तक वाचत होत्या. थंड मुलुखातल्या एका विधवेची गोष्ट. ती नदीवर होडी चालवते, माणसं या काठावरनं त्या काठाला नेते, आणि मग सरकार तिथं पूल बांधायचं ठरवतं. अर्ध्यावर आल्यावर आत्तींनी पुस्तक मिटलं. परत उघडलं. पानं मागं टाकत सतराव्या पानावर गेल्या, चष्मा पुसला, पान उजेडाला धरलं. मी भाजी निवडत होते, म्हणजे तिथंच घुटमळत होते.

"काय झालं, आत्ती?"

"हे मी वाचलंय," त्या म्हणाल्या. "ही होडीवाली मला म्हाईत हाय. मग मी खूण कशी केली न्हाई?"

"कसली खूण?"

त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरं पुस्तक आणलं. पुन्हा तेच. तिसरं, तेच. चौथ्या दिवशी मी बघितलं तर त्या आरशासमोर उभ्या राहून स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून बघत होत्या. का कोण जाणे, मी दोन वेळा अंगण झाडलं.

गुरुवारी दुपारी वाचनालयात बायकांची वेळ असते. त्या गुरुवारी बायका आल्या, कपाटांपुढं उभ्या राहिल्या, एकेक पुस्तक उघडून मिटायला लागल्या. अर्धा तास झाला तरी कुणी पुस्तक घेईना. शेवटी आमच्या गल्लीतली अंगणवाडीची बाई, जिला कुणाच्या बापाची भीती नाही, ती टेबलाशी आली.

"काय गं, पुस्तकं धुवून काढलीस का?"

"खोडली. किती घाण करून ठेवली होती!"

"घाण?" ती म्हणाली. "अगं बये, त्या आमच्या खुणा हुत्या. सारखं सारखं तेच पुस्तक घरी जातं म्हणून पत्येकीनं आपापलं पान धरलंय. माझी चांदणी. हिची फुली. खूण दिसली की वाचलेलं, न्हाई दिसली की न्यायचं. तुझ्या पाटीच्या भ्यानं तुला कुणी बोललं न्हाई."

मी विचारलं, "सतराव्या पानावरची टिंबं?"

"तुझ्या सासूची, आणि कुणाची? तिला हल्ली ध्यानात राहत न्हाई गं. वरीस झालं. खुणंवर तर चाललं हुतं तिचं."

असं माझं झालं. घरातल्या माणसाचा विसर गावाला ठाऊक होता, मला नाही. कारण मी कधी त्यांच्याजवळ घटकाभर टेकलेच नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं तर मी ओरडायचे, चावी सापडली नाही तर मी ओरडायचे, त्यामागचं कारण बघायला मला सवड नव्हती. आणि आता त्या समजत होत्या की आपण खूण करायलासुद्धा विसरलो, म्हणजे आपलं डोकं पार गेलं. डोकं त्यांचं नव्हतं गेलं. ते मी खोडरबरानं खोडलं होतं.

बायकांना म्हटलं, तुम्ही बोलू नका, मी सांगते. "तुझं तू सांग, पण सांग," त्या म्हणाल्या. मी घरी आले आणि सांगितलं नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. आठ दिवस मी घरभर नुसती फिरले. माळा आवरला, गाद्या उन्हात घातल्या, डबे घासले, घासलेले परत घासले. दर वेळी ठरवायचे, हा डबा झाला की सांगायचं. भीती रागाची नव्हती. त्यांच्या रागाची मला सवय होती. भीती ही की त्या म्हणतील, मुद्दाम केलंस. आणि वीस वर्षांत मी इतक्या वेळा फणकारले होते की माझ्याकडं उत्तर काय होतं? आत्ती पलीकडं खाटेवर रिकाम्या हातांनी बसून असायच्या. त्यांना रिकाम्या हातांनी बसलेलं मी कधी बघितलेलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी टेबलाशी उभी, बायका कपाटांपाशी, आणि जिन्यावर काठीचा आवाज आला. आत्ती एकट्या वर आल्या होत्या. धाप लागलेली. त्यांनी पदराच्या गाठीतनं वाचनालयाचं कार्ड काढलं, जुनं, पिवळं पडलेलं, आणि टेबलावर ठेवलं.

"माझं नाव काढ," म्हणाल्या. "काय वाचलं, काय न्हाई, मला कळंना झालंय. कशाला जागा अडवायची? दुसऱ्या कुणाला तरी हूईल."

अंगणवाडीची बाई माझ्याकडं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, पळू नये.

"आत्ती, खूण तुमी केली हुती," मी म्हटलं. "सगळ्या पुस्तकांत केली हुती. होडीवालीच्यासुद्धा. मीच खोडल्या. तपासणीच्या आधी. मला म्हाईत नव्हतं, पण आठ दिस झाले मला कळलंय, आणि मी बोलले न्हाई."

त्या बाकावर बसल्या.

"म्हंजे मी केली हुती खूण?"

"व्हय."

"सगळ्यात?"

"सगळ्यात, आत्ती."

"म्हंजे मला अजून अक्कल हाय," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. सासरे गेले तेव्हा ही बाई सगळ्यांसमोर रडली नव्हती. मी जवळ गेले तर हात झटकला. मग डोळे पुसले आणि सगळ्या माडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं ए शिराळ्याची! डसलीस ते डसलीस, आणि वर आठ दिस बिळात जाऊन बसलीस?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले आणि हसता हसता रडले, खोटं कशाला सांगू.

कार्ड त्यांनी परत पदराच्या गाठीला बांधलं. माझ्याशी मात्र पुढचे आठ दिवस बोलल्या नाहीत, माझ्या मौनाची बरोबर फेड. नवऱ्याचा आसामातनं फोन आला की त्याला सांगायच्या, "तुझ्या बायकूला सांग, आमटीत मीठ कमी हाय." तो बिचारा मला फोन करून सांगायचा, मी चार पावलांवर उभी.

नवव्या दिवशी म्हणाल्या, "पुस्तकं आण. खुणा परत करायच्या."

देवघेवीच्या वहीवरनं त्यांनी काय काय नेलं होतं ते कळत होतं. मी म्हटलं, त्यात काय, सगळ्यांत टिंबं देऊन टाकते. तर त्यांनी कपाळावर हात मारला. एक टिंब म्हणजे अर्ध्यात टाकलं. दोन म्हणजे वाचलं, झालं. तीन म्हणजे परत वाचायचं. वहीत काय नेलं एवढंच होतं, त्यांना काय वाटलं ते वहीत नव्हतं. मी पिशवीतनं रोज पाच पुस्तकं घरी आणायला लागले. त्या एकेक हातात घ्यायच्या, उलटसुलट करायच्या. काही लगेच, "हे तीन." काहींवर मात्र थांबायच्या, कपाळाला आठ्या घालायच्या.

"ह्यात काय हाय गं?"

"मला काय म्हाईत?"

"ग्रंथपाल ना तू?"

मग मी वाचायला लागले. दुसरा उपायच नव्हता. मला बसून वाचता येत नव्हतं, म्हणून उभ्यानं वाचलं, ओट्याशी वाचलं, अंगणात येरझाऱ्या घालत वाचलं, आणि मिरजेच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत वऱ्हांड्यात फिरत वाचलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा विसरायचा आजार आहे, गोळ्यांनी चाल मंदावेल, थांबणार नाही. मी परतीच्या एसटीत पुस्तक मिटून बसले होते. आत्ती म्हणाल्या, "का थांबलीस? वाच की. पुढं काय हुतं ते तू मला सांगणार हायस न्हवं?"

रात्रीची जेवणं व्हायच्या आधी मी त्यांना सांगायची, आज काय वाचलं. एक म्हातारा बर्फात खानावळ चालवतो, गिऱ्हाईक येत नाही, तरी रोज दोन ताटं वाढतो. आत्ती डोळे मिटून ऐकायच्या आणि एकदम म्हणायच्या, "हां हां! आणि त्याची लेक आगाव! दोन टिंबं. लेकीपायी एक कापलं." मी सतराव्या पानावर टिंबं द्यायची. होडीवालीचं पुस्तक आलं तेव्हा त्यांनी विचार केला नाही. तीन म्हणाल्या. ते मी सबंध वाचलं. पूल बांधून होतो तिथं आल्यावर मला पुढं वाचवेना आणि सोडवेनाही. संपलं तेव्हा मी अंगणात उभी होते आणि वाळत घातलेले कपडे कधीच वाळून कडक झाले होते. मी आयुष्यात पहिलं पुस्तक शेवटापर्यंत वाचलं होतं. आत जाऊन त्यांच्या टिंबांशेजारी माझी खूण केली, वळणाची एक रेघ आणि वर छोटा फणा. कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात करत गेले. भिंतीवरच्या पाटीला चुना फासला.

आता आत्तींचं बरंच गेलंय. नणंदेचा जावई आला की त्याला त्या आपला नवरा समजतात, कोरेगावच्या शाळेत जायचं म्हणून सकाळी पिशवी भरतात. पण पुस्तक हातात दिलं की अजून वाचतात, सावकाश, बोट ठेवून. परवा दुपारी मी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि आतबाहेर करत होते. त्या खाटेवर होडीवालीचं पुस्तक घेऊन बसल्या होत्या, सतरावं पान उघडून.

"ही टिंबं माझी," त्या म्हणाल्या. "पण ही दुसरी खूण कुणाची गं? सगळ्या चांगल्या पुस्तकांत हाय बघ. कोण बाई हाय ही? नागाची खूण करती म्हंजे शिराळ्याकडची आसंल कुणीतरी. हिला एकदा चहाला बोलव. माझं नि तिचं जमंल."

मी म्हटलं, "आत्ती, ती मीच."

त्यांनी मला वरनं खालपर्यंत बघितलं. "चल, काहीतरीच! तुझं बूड घटकाभर ठरत न्हाई, तू काय वाचतीस?"

"खरंच वाचलंय. शेवट सांगू? शेवटी पूल होतो, आणि पहिल्या दिवशी ती बाई..."

"थांब!" त्यांनी घाईघाईनं दोन्ही हात कानांवर ठेवले, पुस्तक मांडीवर पडलं. "सांगू नकोस. मला काय आठवत न्हाई, बरंच हाय. तीन टिंबं केल्यात मी. म्हंजे शेवट चांगलाच आसणार."

मग पान शोधून बोट ठेवलं आणि वर न बघता म्हणाल्या, "आणि बस खाली. तुझ्या येरझाऱ्यांनी माझी ओळ चुकती."

मी बसले. त्यांच्याजवळ, खाटेच्या कडेला. आत दूध उतू गेलं, वास आला, तरी मी उठले नाही.